बेचाळीस घरांचं खोटं

आपल्या विहिरीचं पाणी खाली गेलं, असं आमच्या गावात कुणी कबूल करत नाही. कबूल केलं की घराची अब्रू गेली. सूप वाढतानासुद्धा बायका आधी विहिरीचं कौतुक करतात, मग मीठ पुढे करतात. मला हा मूर्खपणा वाटतो, आणि मी स्वतः त्यात कुणाच्याही मागे नाही.

एप्रिलमध्ये खाणीच्या कंपनीची एक मुलगी फॉर्म घेऊन दारोदार फिरली. द्रावा नदीकाठच्या माळावर त्यांना खडीची नवी खाण काढायची होती. शेजारच्या गावची जुनी खाण जसजशी खोल गेली तसतसं आमचं पाणी खाली उतरलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण 'विहिरीची पातळी घटली का?' या प्रश्नापुढे बेचाळीसच्या बेचाळीस घरांनी लिहिलं, 'नाही'. मी पंपाची नळी दोनदा खाली सोडली होती. बायकोला सांगितलं होतं, व्हॉल्व्ह बदलतोय.

माझ्या शेजारच्या तिल्डानंही 'नाही'च लिहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जिभेला धार. तिची विहीर तिच्या नवऱ्यानं, लोव्रोनं, सिमेंटचं एकेक कडं उतरवत स्वतः खणलेली. आमच्या टोकाला नळ कधी आलाच नाही. ऑस्ट्रियात ग्रात्स शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणारी तिची लेक यास्ना दर रविवारी फोनवर बजावायची, विहीर आटली की त्याच दिवशी तुला न्यायला येते. तिल्डाला मरण परवडलं असतं, पण ऑस्ट्रियातला तिसरा मजला नाही.

ऑगस्टमध्ये तिचा पंप नुसती हवा ओढून घरघरायला लागला. मी मिरच्यांना पाणी घालायच्या निमित्तानं माझा पाइप कुंपणावरून तिच्या पिंपात सोडला.  दर रविवारी कुंपणाच्या खांबावर तिनं भाजलेला खसखशीचा गोड रोल ठेवलेला असायचा. असे दोन महिने गेले. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दोन महिने होते.

ऑक्टोबरमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. तिल्डाला यास्ना गाडीतून घेऊन आली. कंपनीचा इंजिनिअर पोरगा सभ्य होता. त्यानं आमचेच फॉर्म आम्हाला वाचून दाखवले. जुन्या खाणीनं एकाही विहिरीला धक्का लागला नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय, मग नव्या खाणीची भीती कशाला, असं त्याचं म्हणणं. सुनावणी घेणाऱ्या सरकारी बाईंनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मीसुद्धा.

तिल्डा उठली.

"मी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "तेव्हाच पाणी तळाला गेलं होतं, आणि ऑगस्टपासून माझी विहीर कोरडी आहे. यास्ना, तू मधे बोलू नकोस. हा इग्नात्स मला कुंपणावरून पाणी देतो, आणि याला वाटतं, मला कळत नाही."

आता बसून राहणं शक्यच नव्हतं. मी उठून सांगितलं, माझंही पाणी दोन मीटर खाली गेलंय.

तिल्डा गर्रकन वळली. "आणि त्यातलं तू मला देत होतास? गाढवा!"

एवढ्या लोकांत ती मला गाढव म्हणाली आणि मला भरून आलं. मग मागून एकानं हात वर केला, पुढून दोघींनी. शेवटी सरपंचसुद्धा उठला, मान खाली घालून. बाईंनी ते फॉर्म रद्द केले. मंगळवारपासून प्रत्येक विहीर माणसं पाठवून मोजायची, तोवर खाणीचा निर्णय नाही, असं ठरलं.

बाहेर यास्नानं गाडीचं दार उघडून धरलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"आई, विहीर आटलीय. आता तरी चल."

"कशी येऊ?" तिल्डा कोटाची बटणं लावत म्हणाली. "मंगळवारी मोजायला माणसं येतायत. विहीर कोरडी आहे हे दाखवायला घरात कुणीतरी नको का?"