कोब्यात रुतलेली अलमारी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी अलमारी. आज मला बघाल तर अलमारी म्हणून ओळखणार नाही, पण ते शेवटी सांगते. आयुष्यातली तीस वर्षं मी एका जागेवरून तसूभरही हलले नाही. हलले नाही म्हणजे हलू शकले नाही. या दोन्हींत फार फरक असतो, तो ज्याचं जळतं त्यालाच कळतो.

माझा जन्म सुराबाया शहरातला. कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून आमची गल्ली होती. इतकी अरुंद की फटफटी घेऊन आलेल्या माणसानं तोंडाशीच उतरायचं आणि ती ढकलत न्यायची, नाहीतर म्हाताऱ्या बायका भर रस्त्यात त्याची आईबापांसकट हजेरी घ्यायच्या. अशा गल्लीतून अख्खी अलमारी कुठून येणार? म्हणून साकेह सुतारानं माझ्या फळ्या खांद्यावरून आणल्या आणि मला खोलीतच उभी केली. एकही खिळा मारला नाही. खाचेत फळी, फळीत खुंटी, बस्स.

"खिळा गंजतो आणि लाकूड फाडतो," तो म्हणाला. "खुंटी लाकडाबरोबर म्हातारी होते. हिला न्यायची झाली तर मला हाक मारा, दोन घटकांत खोलून देईन."

तेवढ्यात नारळाच्या दुधातली कोंबडी ताटात आली, आणि त्याचं बोलणं कुणी ऐकलंच नाही. पुढं साकेहही गेला. मी खोलता येते, हे आता जगात फक्त मला ठाऊक होतं. आणि मला तोंड नव्हतं.

माझे धनी सुतिक्नो, लोखंडाच्या भट्टीवर कामाला. त्यांची बायको मुर्तिनाह. तिनं माझ्यात लग्नातली बाटिक लुगडी ठेवली, घराचा कागद ठेवला. शेजारणी आल्या की माझी दारं उगाच उघडून मिटायची. मी तेव्हा तोऱ्यात होते, खोटं कशाला बोलू.

घराच्या मागच्या दारापलीकडे कारखान्याच्या काळ्या पाण्याचा ओढा होता. वास असा की घास घशाखाली उतरेना. शेवटी सुतिक्नोंनी ते दार कायमचं लावलं आणि त्याला पाठ लावून मला उभी केली. माझ्या पाठीमागं एक दार आहे, हे मी त्या दिवसापासून कधी विसरले नाही. घरात मात्र पुढं कुणी त्याचं नाव काढलं नाही.

आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात पाणी भरायचं. मग एखाद्या रविवारी सगळे पुरुष घमेली घेऊन जमायचे, बायका चहा आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे पुरवायच्या, आणि गल्ली वीतभर उंच व्हायची. गल्ली वर गेली की घरं खाली राहतात. मग ज्यानं त्यानं आपल्या घरात कोबा चढवायचा. आमचा नंबर लागला तो नेमका सुरो महिन्यात. सुरो म्हणजे आमच्या जावा बेटावरचा जपून राहायचा महिना. त्यात लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, मोठी वस्तू जागची हलवत नाहीत.

"अगं, माल कालवून तयार आहे," सुतिक्नो म्हणाले. "चार माणसं थांबलीत. अलमारी उचलून बाहेर काढू, संध्याकाळी परत ठेवू."

"सुरोत? माझ्या जिवात जीव नाही राहणार. तिच्याभोवतीनं ओता."

"आणि पाय?"

"पायांना काय होतंय? लाकडाचे तर आहेत."

असं करून माझे पाय कोब्यात गेले. सात-आठ वर्षांनी गल्ली पुन्हा चढली, पुन्हा कोबा आला. पहिल्या वेळी सुरो आडवा आला होता, दुसऱ्या वेळी पहिला कोबाच. आता पाय दिसेनासेच झाले. दारं जमिनीला घासून कुरकुरायला लागली. पाणी भरलं की सिमेंटमधून ओल वर चढायची, आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात उभी राहायचे.

त्या घरात मला विचारणारं माणूस एकच, थोरली लेक वारसिती. दर वर्षी रोज्यांनंतरच्या सणाला ती खोबरेल घेऊन बसायची आणि माझी फळी न् फळी चोळायची. धाकटा भाऊ प्रयित्नो हसायचा.

"ताई, तेल अलमारीला आणि डोकं कोरडं."

"तुझं डोकं चोळलं तर काही उगवणार आहे का? हिचं लाकूड तरी टिकेल."

वारसिती जोड्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं तळवे शिवत होती. लग्न राहून गेलं. आधी वडील गेले, मग आई अंथरुणाला खिळली आणि वारसितीनं काम सोडलं. आई गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या. आमच्याकडची जुनी म्हण आहे, मुलाला कावड आणि मुलीला पाठ. कावडीला दोन ओझी मावतात, पाठीवर एकच. म्हणून पुढच्या दोन खोल्या प्रयित्नोच्या आणि मागची एक, माझ्यासकट, वारसितीची. मधे विटांची भिंत आली. भिंतीत एक फट ठेवली, तीही भावजयीच्या चुलीजवळ.

आता वारसितीला बाहेर पडायचं तर भावाच्या संसारातून. पाण्याची बादली आणायची तर "येऊ का गं?" विचारून. ते लोक जेवत असले की ही आत बसून राहायची, भरल्या ताटावरून कसं जायचं म्हणून. प्रयित्नो वाईट नव्हता. तीन पोरं होती, आणि पुढं कारखान्यातल्या मुलींना भाड्यानं ठेवायचं त्याच्या मनात होतं. एकदा तो सरळच बोलला.

"ताई, आईला जाऊन हजार दिवस झाले की गल्लीला जेवण घालायचं, तेव्हा गल्लीचे प्रमुख जुमादी काका येऊन घराचे कागद लिहिणार. आपल्या गल्लीचा नियम तुला ठाऊक आहे. ज्याला स्वतःचं दार, त्यालाच नंबर. तुझ्या खोलीला दारच नाही, तर ते माझ्याच घरात धरतील. भांडत नाहीये, सांगतोय. तू राहा हवं तोवर."

"हवं तोवर म्हणजे तुला हवी तोवर," वारसिती म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दार आहे. हिच्या मागं आहे."

"हिच्या मागं समुद्र असला तरी काय उपयोग? ही हलते का?"

हे मात्र खरं होतं. आणि मित्रांनो, ते ऐकताना मला माझीच लाज वाटली. मागचा ओढा केव्हाच फरशांनी झाकला होता. तिथून सकाळ-संध्याकाळ शेकडो मुली कामावर जात होत्या, त्यांची बडबड मला पाठीकडून ऐकू यायची. तिथं दार उघडलं तर वारसिती उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी घालून विकू शकली असती. तिला हवं ते सगळं माझ्या पाठीमागं होतं, आणि मी एखाद्या तुरुंगाच्या शिपायासारखी मधे उभी होते. मी स्वतः कोंडलेली होते ते निराळंच.

हजाराव्या दिवसाच्या आदल्या सकाळी वारसिती तेलाची वाटी घेऊन आली. गल्ली जेवायला येणार, आईची अलमारी चकचकीत दिसायला हवी. या खेपेला तिनं सगळे कप्पे रिकामे केले आणि आत डोकं घालून, कधी न पुसलेल्या माझ्या माथ्याखालच्या कोपऱ्यात बोळा फिरवला. बोट अडलं. तिनं जुना मेण-मळ नखानं खरवडला. खाली गोल खुंटी होती. तिनं दुसरा कोपरा खरवडला. तिथंही खुंटी.

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. मार, मी मनात म्हणत होते, मार की बाई.

ती गेली आणि चटणी वाटायचा बत्ता घेऊन आली. एक ठोका, दोन ठोके. तेल खाल्लेली खुंटी लोण्यातून यावी तशी बाहेर आली. ज्यांना तेल लागलं नव्हतं त्या पाठीकडच्या दोन मात्र फुगून बसल्या होत्या, त्यांनी तिच्या नाकी नऊ आणले. दुपारपर्यंत माझा माथा, दारं, फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. कोब्यात राहिले होते फक्त चार खांब, आणि त्यांच्या मागं ते दार. वाळवीनं पोखरून त्याची जाळी झालेली, तिच्यातून उजेड येत होता.

ठोके ऐकून प्रयित्नो फटीतून आला. त्यानं दाराकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. वारसितीच्या हातात वडिलांची करवत होती.

"ताई, सुरो चालू आहे," तो म्हणाला. "आईनं काय सांगितलं होतं?"

वारसितीचा हात थांबला. तीही आईचीच लेक, तिला भीती वाटत नव्हती असं नाही. तिनं करवत मांडीवर ठेवली.

"आईनं हलवू नका म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "कोंडून ठेवा असं नव्हतं म्हटलं."

"अगं, पण आईची वस्तू कापतेस?"

"मग आईची लेक ठेवू का आत?"

प्रयित्नो फटीकडं वळला. दोन पावलं मागं गेला, परत आला. मग खाली बसला आणि कापताना हलू नये म्हणून त्यानं खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"चालव," तो म्हणाला. "वाकडी नको चालवूस, फाटेल."

माझे पाय तिनं कापले. जिनं आयुष्यभर मला तेल लावलं, तिनंच. दुखलं का? दुखलं. पण तीस वर्षं ओलीत जे दुखत होतं, त्यापुढं हे काहीच नव्हतं.

जुनं दार ढकलताच भुसा होऊन पडलं. उद्या जुमादी काका येणार आणि चौकट उघडी! दोनदा कोबा चढून ती चौकटही बुटकी झाली होती. वारसितीनं माझं एक दार उचलून तिच्यात लावून पाहिलं, मग दुसरं. बोटभर कमी-जास्त, ते प्रयित्नोनं रंधा मारून बसवलं. तर मित्रांनो, हल्ली मी दार आहे. दुसऱ्या दिवशी हजाराव्या दिवसाच्या जेवणाला जुमादी काका मुद्दाम मागच्या रस्त्यानं आले, मला उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिलं आणि म्हणाले, "कडी आतून आहे ना? मग हे घरच." माझ्या कपाळावर आता सत्तावीस नंबरची पाटी आहे.

तुमच्या घरातही कोपऱ्यात एखादी मुकी वस्तू असेल, नाहीतर एखादं मुकं माणूस. वर्षातून एकदा तरी जवळ बसून, आतल्या कोपऱ्यापर्यंत हात घाला. सुटण्याची जागा तिथंच असते, आणि ती त्यांना सांगता येत नाही.

माझे पाय अजून उंबऱ्याच्या आत कोब्यातच आहेत, चार चौकोनी ठिपके. वारसिती रोज झाडून घेते तेव्हा त्यांच्यावर तेलाचं बोट फिरवते. मग कडी काढते, आणि मी उघडते.