झग्याखाली काय आहे

तिची उमेदीची सगळी वर्षं चेंडूमागे जिभेने धावण्यात गेली. रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन करणारी ती एकटीच बाई, आणि बोलण्याचा वेग असा की सहकाऱ्यांनी तिचं नाव मेलगाडी ठेवलं होतं. पुढे सामने लोकांना फोनवरच दिसायला लागले आणि रेडिओवरची वर्णनं बंद पडली. आता भिंतींशी बोलायची पाळी येणार असं तिला वाटत होतं, तेवढ्यात शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचा निरोप आला. त्यांच्याकडे देशोदेशीचे नृत्यसंघ येत. प्रेक्षकांत अंध माणसंही असत. त्यांच्या कानाला हेडफोन लावायचे आणि रंगमंचावर काय चाललंय ते मागच्या काचेच्या खोलीतून कुणीतरी सांगायचं, अशी सोय त्यांना करायची होती.

नृत्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण तोंड चालवणं हीच तिची रोजीरोटी होती, म्हणून तिने होकार दिला आणि सरावासाठी घरातलाच श्रोता धरला. तो श्रोता म्हणजे तिचे सासरे, आबा. आबांची नजर हळूहळू विझत गेली होती आणि आता त्यांना खिडकी कुठे आहे एवढाच उजेड कळे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते बटाटे सोलायचे. सुरी इतकी सफाईने फिरायची की नवख्या माणसाला त्यांना दिसत नाही हे सांगूनही पटायचं नाही.

तिने टीव्हीवर एक नाच लावला आणि सुरू झाली. उजवीकडून दोघी आल्या, डावीकडे वळल्या, मधल्याने उडी मारली, तिसरा मागून पुढे निघाला. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "बरं, जिंकलं कोण?"

ती ओशाळली, आणि मग दोघंही हसत सुटली.

आबांना नाच नवा नव्हता. उभी हयात त्यांनी मालवाहू बोटीवर आचारी म्हणून काढली होती. बंदराला बोट लागली की बाकीची मंडळी गुत्त्याचा रस्ता धरत आणि हे गावात कुठे नाच आहे का ते विचारत हिंडत. लाकडी बुटांनी फळ्या दणाणून सोडणारे नाच त्यांनी पाहिले होते. एका ठिकाणी तर एक म्हातारा नर्तक इतका सावकाश वळला होता की आबांना मध्येच डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा त्याची मान जेमतेम खांद्यापर्यंत पोहोचली होती. आता मात्र ते नाट्यगृहाची पायरी चढायला तयार नसत. काळोखात बसायला तिकीट कशाला, तो घरीच आहे, असं म्हणून ते विषय मिटवत.

काम सुरू झालं तशी तिला एक नवीच खोड लागली. सामन्यात चेंडू कुठे गेला एवढं सांगितलं की भागायचं. इथे हे लोक हे कसं करतात, हा किडा तिच्या डोक्यात शिरला. ती तालमींना जाऊन बसू लागली. गरगर फिरणाऱ्या मुलीला चक्कर का येत नाही, हे तिने तिलाच गाठून विचारलं. समोरच्या भिंतीवरच्या एका दिव्यावर नजर रोवायची, अंग फिरलं तरी मान शेवटच्या क्षणापर्यंत तिथेच ठेवायची, असं उत्तर मिळालं. बुटांचे तळवे घसरू नयेत म्हणून ते राळेच्या भुकटीत घासतात, हे तिने स्वतः हात लावून पाहिलं. घरी येऊन ती हे सगळं आबांना सांगायची. आबा त्यावर आणखी दोन शंका काढायचे, आणि त्यांची उत्तरं आणायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. नवरा म्हणायचा, तुम्ही दोघांनी मिळून पोलिसात नोकरी धरा.

एका संध्याकाळी तिने सांगितलं, पुढच्या आठवड्यात बायकांचा एक संघ येतोय. जमिनीपर्यंत लांब झगे घालून नाचतात आणि पाय हलताना दिसतच नाहीत म्हणे.

आबांची सुरी थांबली.

तरुणपणी एका थंडगार बंदरात त्यांनी असाच नाच पाहिला होता. झगे घातलेल्या बायका रांगेने आल्या आणि तेलावर ठेवल्यासारख्या रंगमंचभर सरकत गेल्या. ना खांदा हलला, ना डोकं खालीवर झालं. बोटीवर परतल्यावर आबा म्हणाले, झग्याखाली चाकं असणार. बोटीचा इंजिनियर म्हणाला, चाकं असती तर वळताना बाई कलंडली असती. सरकते पट्टे असणार. या वादात सगळा प्रवास गेला. पुढे इंजिनियर दुसऱ्या बोटीवर गेला आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

"मी येतो," आबा म्हणाले. "छडा लावू एकदाचा."

प्रयोगाआधी अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन कपडे, बूट, वाद्यं हाताळू देण्याची तिथे पद्धत होती. आबा सगळ्यांच्या पुढे. संघाच्या गुरू म्हणजे बुटक्याशा, पाठ ताठ असलेल्या बाई होत्या, सोबतीला दुभाषी. त्यांनी एक झगा आबांच्या हातात दिला. आबांनी तो बाजारात कापड पारखावं तसा इंचाइंचाने चाचपला. काठ जड होता, आत दोरी शिवलेली, म्हणजे घेर पायांना चिकटू नये. पण आत ना चाक, ना पट्टा. मग त्यांनी बूट मागितले. तेही मऊ, पातळ तळव्यांचे, मोज्याहून थोडे जाड इतकेच. आबांचा चेहरा पडला, आणि लगेच दुप्पट कुतूहलाने उजळला. मग हे होतं कसं, असं त्यांनी विचारलं.

दुभाष्याकडून उत्तर आलं की ते संघाबाहेर कुणालाही सांगत नाहीत. बाहेरचं कुणी असलं की तालीमसुद्धा पूर्ण झग्यातच होते. एवढ्यावर न थांबता बाई आबांच्या शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे वळल्या. हेडफोनवर पायांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

आता मेलगाडीला राहवेना. ती म्हणाली की तिच्या श्रोत्यांना डोळे नाहीत, त्यांच्यापासून ती काही लपवून ठेवणार नाही. जे कळेल ते सांगेल.

बाई रागावल्या नाहीत. सावकाश बोलल्या, आणि दुभाष्यानेही ते सावकाशच सांगितलं, "बाकीचे लोक थक्क व्हायला येतात. मग तुमच्या माणसांना तुम्ही नुसती माहिती का देता?"

काचेच्या खोलीचा जिना चढताना ते वाक्य तिच्या मागोमाग येत होतं. खरंच, उलगडून सांगायच्या नादात आपण त्या माणसांच्या वाट्याचं नवल तर काढून घेत नव्हतो ना?

पडदा उघडला. वाद्यं सुरू झाली आणि डावीकडून लाल झग्यांची रांग आली. तिने हे पहिल्यांदाच पाहिलं. हे कसं सांगायचं? चालतात म्हणावं तर चालत नव्हत्या. तरंगतात म्हणावं तर ते पोस्टरवरही लिहिलं होतं. समोर पहिल्या रांगेत आबांचं पांढरं डोकं दिसत होतं. तिने आवाज खाली आणला.

"तुम्ही बोटीच्या कठड्याशी उभे आहात," ती म्हणाली. "बोट धक्क्यापासून सुटली आहे. इंजिनाचा आवाज नाही, धक्का नाही. आणि काठावरची घरं हळूहळू सरकायला लागली आहेत. घरं काही चालत नाहीत, पण जातात. या बायका तशा जाताहेत."

त्यानंतर शब्द मिळत गेले. पण मध्येच तिने पाहिलं, आबांनी हेडफोनचा एक कान काढून बाजूला केला होता आणि मान रंगमंचाकडे कलती केली होती. पहिल्यांदा आले आणि आपलं बोलणं त्यांना नकोसं झालं, असंच तिला वाटलं. कसंबसं तिने शेवटपर्यंत निभावलं.

परतताना टॅक्सीत आबा गालातल्या गालात हसत होते. शेवटी तिनेच विचारलं, कान का काढला होता.

"वाद्यं मध्येच थांबतात बघ, श्वास घेतल्यासारखी," आबा म्हणाले. "तेव्हा ऐकू येतं. पावलं आहेत, अगं. चाळणीतून साखर पडावी इतकी बारीक, आणि इतकी भराभर. सगळ्यांचे डोळे वर गुंतलेले, त्या आवाजाकडे लक्ष कुणाचं जाणार?"

मग ते म्हणाले, "पण दुसऱ्या कानात तू होतीस. तिथे घरं सरकतच होती. कळल्यावरही थांबली नाहीत."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. घर येईपर्यंत ती मागे सरकणारी घरं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरातल्या लांब बोळात सरपटल्यासारखा आवाज सुरू झाला. आबा एका हाताने भिंत धरून इवलीइवली पावलं टाकत होते. दुपारी त्यांनी हट्टच धरला, मला त्या बाईंकडे घेऊन चल. तालीम नुकतीच संपली होती. आबांनी नमस्कार केला, काठी सुनेच्या हातात दिली आणि एक शब्दही न बोलता बाईंच्या पुढ्यात ते पाऊल टाकून दाखवलं. ध्यान असं दिसत होतं की जणू अंगणात कोंबडी निसटली आहे आणि हे तिच्या मागे दबकत निघालेत. मुली तोंडावर हात धरून हसू लागल्या.

बाई हसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या, खाली बसल्या, आबांच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवला आणि ते किंचित वाकेपर्यंत दाबले. मग उठून त्यांच्या टाचांना आपल्या बुटाच्या टोकाने हलकेच टोचलं, की वर उचला. शेवटी पाठीवर तळहात टेकून त्यांना पुढे नेलं. चारपाच हात अंतर आबा असे गेले की खांदे हलले नाहीत. बाईंनी दुभाष्याला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, बाई म्हणतात, मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी संघाचा शेवटचा प्रयोग होता. तिने पायांचा उल्लेख केला नाही. पण वाद्यं थांबायची वेळ जवळ आली तशी ती म्हणाली की आता थोडा वेळ ती गप्प बसणार आहे, ज्यांना वाटेल त्यांनी एक कान मोकळा करावा. का, ते काही तिने सांगितलं नाही. खाली अंधारात इथे एक, तिथे एक असे हात कानांकडे गेलेले तिला दिसले. एक म्हातारी बाई तर खुर्चीत पुढे सरकून बसली. मग वाद्यं पुन्हा सुरू झाली आणि तीही.

आबांच्या मांड्या त्यानंतर आठवडाभर धरल्या होत्या. तिचा नवरा रोज त्यांना तेल चोळायचा आणि या वयात असं काय केलंत म्हणून खनपटीला बसायचा. आबा म्हणायचे, जिना चढलो. मग सुनेकडे तोंड करून विचारायचे, पुढच्या महिन्यात कोण येतंय, आणि ते पायात काय घालतात.