खाटेखालचा कोंब

तांदळाच्या शेवया उकळत होत्या. आईनं लान्शिनच्या गळ्यात शाळेचा लाल रुमाल बांधला.

"आज पाहुण्यांसमोर घुम्यासारखी बसू नकोस गं."

"नाही बसणार. प्रश्न पाठ केलाय."

"अगं बाई, प्रश्नसुद्धा पाठ करतात होय?" आई हसली. लान्शिनला हसू आलं नाही.

प्रांताच्या शिक्षण खात्यातून पाहुणे 'मुलांना केंद्रस्थानी ठेवणारा' तास पाहायला यायचे होते. आठवडाभर तालीम चालली होती. तान बाईंनी बाकांच्या रांगा मोडून गोल केले, प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाटल्या. हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. बाई उजव्यांनाच विचारणार. आणि कच्ची सहा मुलं सामानाच्या खोलीत गप्प बसणार. त्यांत रुईफांग होती, लान्शिनच्या बाकावरची.

रांगा होत्या तेव्हा बाई एकट्या बोलत, मुलं पोपटासारखी म्हणत. पण रुईफांगचं कोपर कोपराला लागे. आता गोल होता, नि गोलात तिची जागाच नव्हती. केंद्रस्थानी मूल कुठलं? बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती.

पाहुणे बसले. बाईंनी वाडग्यातला मुगाचा वीतभर पांढरा कोंब उचलला. "आपल्यातल्याच एकीनं वाढवलाय हा! सांगा, इतका लांब का झाला?"

उजव्या हातांचं रान उभं राहिलं. लान्शिनला उत्तर येत होतं. तिनं डावा हात वर केला.

"ती डावा हात वर केलेली मुलगी," मागून एक वयस्क पाहुण्या म्हणाल्या, "तिला बोलू द्या."

बाईंनी कोंब वाडग्यात परत ठेवला.

लान्शिन उभी राहिली. "अंधारात वाढला, म्हणून लांबला. उजेड शोधत. रुईफांगनं खाटेखाली ठेवला होता. मला येत नाही ते एवढंच... ती सामानाच्या खोलीत का आहे?"

उत्तर कुणाच्याच चिठ्ठीत नव्हतं.

मधल्या सुट्टीत मुलं तिच्यापासून सरकली. "आगाऊ! बाईंचं नाक कापलंस!" अख्खा व्हरांडा ती एकटी चालत गेली.

खोलीत झाडू, तुटके बाक, नि हाताची घडी घातलेली सहा मुलं. लान्शिन रुईफांगला खेटून बसली. कोपराला कोपर लागलं.

दारात सावली पडली. वाडगा घेऊन तान बाई उभ्या होत्या, आत यावं की नाही हे न कळून.

रुईफांग लगबगीनं उठली.

"बाई, माझा कोंब आवडला का हो त्यांना?"