आलेवाडीचा पेंटर

नलूने सुक्या बोंबलांची जुडी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. बोंबील चांगलेच होते. तोंड वाकडं करणं हा भाव पाडण्याचा भाग होता. तेवढ्यात किनाऱ्याकडून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं आणि तिचं तोंड तसंच राहिलं. हसणं ओळखीचं होतं. घरात मात्र ते कैक वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

"कोण गो तो?" तिने बोंबीलवालीला विचारलं.

"आमचा पेंटर. तीन पावसाळे झाले येतो, होड्या रंगवतो. मजुरी घेत नाय, जेवतो फक्त. म्हणतो, पैसे नेले तर घरी कळंल."

"बायको हाय घरी?"

"बहीण हाय म्हणं. लय कडक."

नलूने जुडी खाली ठेवली.

मासेमारीची बंदी असल्याने आलेवाडीच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. प्लास्टिक पांघरलेल्या एका होडीआड ती उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ विश्राम, जो सकाळीच पालघरला चित्रकारांच्या सभेला म्हणून गेला होता, तो पलीकडच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या उंच टोकावर, मासा रंगवत होता. रंग कोपरापर्यंत आला होता. खाली होडीवाला कुंदन शिडी धरून उभा.

"पेंटर, मासा जरा हसरा काढ."

"हसरा मासा जाळ्यात येतो का, कुंदनशेठ?"

"मग रडका काढ."

"रडका बघून तुमचे खलाशी पळतील. त्यापेक्षा तुमच्यासारखा काढतो. ना हसरा, ना रडका, नुसता भुकेला!"

पोरंबाळं, बायका, सगळा किनारा हसला. विश्राम सगळ्यांत जास्त.

नवापूरला, त्यांच्या स्वतःच्या गावात, नारळी पौर्णिमेआधी लोक दरवर्षी दारात येत. एवढं होडीवर नाव रंगवून दे म्हणत. विश्राम आतून उठायच्या आतच नलू उंबऱ्यावर उभी असे.

"तो चित्रकार हाय, पेंटर नाय. होड्या रंगवून त्याचा हात बिघडंल."

तो हात बिघडू नये म्हणून ती रोज सुक्या मासळीची टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसत आली. तिला एक चांगलं स्थळ आलं होतं. भाऊ बरोबर येईल या अटीलाही ते लोक तयार होते. पण त्यांच्या घरात चित्रकाराला हवा तसा उजेड नव्हता, म्हणून नलूने नकार कळवला. बोईसरच्या सभागृहात प्रदर्शनही भरवून झालं. लोक आले, चहा चांगला झाला असं सांगून गेले.

ती बोंबील न घेताच परतली.

संध्याकाळी विश्राम आला. हात घासूनघासून लाल केलेले, अंगाला रॉकेलचा वास. नलूने भाकरी वाढली आणि वास आला नाही असं ठरवलं.

"काय झालं सभेत?"

"चर्चा झाली." त्याने घास घेतला. "मोठी."

"एकनाथ विचारीत होता," ती तव्याकडे बघत म्हणाली. नवापूरच्याच एकनाथने यंदा काही विचारलं नव्हतं; चार वर्षं नकार ऐकून तो नाद सोडून बसला होता. "त्याची होडी रंगवायची हाय. मी म्हटलं, विश्रामला विचारते. बसून बसून कंटाळत असशील. जा की."

विश्रामचा घास हातातच राहिला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर किनाऱ्यावरचं ते हसू येऊ लागलं. मग त्याने बहिणीकडे पाहिलं. तिच्या खांद्याकडे, जिथे टोपलीमुळे एक बाजू कायमची खाली गेली होती.

"नको गं ताई," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "हात बिघडतो."

वाक्य तिचंच होतं. त्याने ते इतक्या मायेने म्हटलं की तिला ते परत घेता येईना.

जेवण झाल्यावर तो उठला आणि कोऱ्या कॅनव्हाससमोर जाऊन बसला, पाठ ताठ करून, लग्नात वरपक्षाची वाट बघणाऱ्या वधूपित्यासारखा. आता ऊठ, असं म्हणायला नलू दारापर्यंत आली.

"दिवा लावू का?" तिने विचारलं.

"लाव."

तिने दिवा लावला.