फिर्यादीची घागर

मधमाश्यांपुढे मिकोनची जीभ कधी अडत नसे. अथेन्सजवळच्या हिमेत्तोस डोंगराच्या उतारावर त्याने मधमाश्यांसाठी मातीच्या लांबट नळ्या आडव्या रचून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर उभा राहून तो पाठ केलेलं भाषण असं खणखणीत म्हणायचा की वाटेने जाणारा मेंढपाळही थबकावा. पण मेंढपाळ थबकला, की भाषण संपलंच. समोर माणूस आला रे आला की मिकोनचे ओठ एकमेकांना चिकटायचे, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि एक साधा शब्द बाहेर काढायला त्याला नांगरट केल्याइतका घाम यायचा. पलटणीत सगळे त्याला तोतऱ्याच म्हणत. त्याला त्याचं फार वाईट वाटत नसे. जे खरं ते खरं.

खटल्याच्या दिवशी पहाटे त्याची बायको आरिस्तिला सातूच्या पिठाचा गोळा आणि दोन कांदे फडक्यात बांधून घेऊन आली, तेव्हा त्याची उजळणी चालली होती.

"अहो, हे कोण बोलतंय?" ती म्हणाली. "वादळात सापडलेली नौका काय, सुकाणू काय! तुम्ही जन्मात कधी नावेत बसला नाहीत. समुद्र नुसता लांबून बघितला तरी पोटात ढवळतं तुमच्या."

"ते-तेलेसोननं लि-लिहिलंय."

"त्या तेलेसोननं ढालीचा पट्टा तुटला असंही लिहिलंय. पट्टा घरात खुंटीला लटकतोय, चांगला धडधाकट. परवाच मी त्याला तेल लावलं."

मिकोनने फडकं सोडून कांदा उचलला. पट्टा तुटलेला नव्हता हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आरोप साधा होता आणि भयंकर होता. ओरोपोसकडच्या ओढ्याकाठी थेब्सवाल्यांशी चकमक झाली, तेव्हा मिकोन रांगेतली आपली जागा सोडून पळाला. अथेन्समध्ये याला फाशी नव्हती. पण ज्याच्यावर हे शाबीत झालं, त्याने पुन्हा चौकात पाऊल टाकायचं नाही, देवळात जायचं नाही, सभेत हात वर करायचा नाही. कुणी त्याला भर रस्त्यात थोबाडलं तरी त्याने न्याय मागायचा नाही. माणूस जिवंत, पण नागरिक मेलेला. या शहरात त्याहून वाईट काही नव्हतं, कारण इथला मधविक्यासुद्धा स्वतःला शहराचा मालक समजे. आणि खरं सांगायचं तर तो होताही.

आता जे घडलं ते असं. रांगेत प्रत्येकाची ढाल आपल्या डावीकडच्या गड्याची उजवी कूस झाकते. मिकोनच्या डावीकडे युफ्रानोर होता. हुकूम आणि इशारे रांगेतून तोंडातोंडी जातात. डावीकडच्याने सांगायचं, आपण उजवीकडच्याला सांगायचं, असं करत शब्द शेवटच्या टोकाला सेनानीपर्यंत पोचतो. त्या दिवशी डावीकडून शब्द आला, ‘मागे घोडेस्वार’. युफ्रानोरने तो मिकोनला दिला. मिकोनने मान उजवीकडे वळवली, आणि त्याचे ओठ मिटले ते मिटलेच. म... म... म... मागे घळीत घोडे उतरत होते आणि शब्द त्याच्या तोंडात अडकून पडला होता. तेव्हा युफ्रानोरच त्याला म्हणाला, पळ, पायांनी जाऊन सांग. मिकोन रांगेच्या मागून धावला, सेनानीचा दंड धरला आणि हाताने घळ दाखवली. सेनानीने मागच्या रांगा वळवल्या. उजवी बाजू वाचली. मिकोन परत येईपर्यंत युफ्रानोर उघड्या कुशीत भाला खाऊन पडला होता, आणि दिवस मावळायच्या आत सेनानीही गेला.

हे सगळं त्याने कसंबसं तेलेसोनला सांगितलं होतं. तेलेसोन दुसऱ्यांसाठी भाषणं लिहून देई. त्याने ऐकलं आणि लेखणी खाली ठेवली.

"तुझे दोन साक्षीदार, दोघेही मेलेले," तो म्हणाला. "आणि ‘मला बोलता येत नाही’ हे तू तिथे बोलून सांगणार? बाबा रे, पट्टा तुटला म्हण. पट्ट्याला उलट सवाल कुणी करत नाही."

न्यायालयात दोनशे एक जण बाकांवर दाटीने बसले होते. सैनिकाचा न्याय त्याच मोहिमेत उभ्या राहिलेल्या सैनिकांनी करायचा, असा कायदा होता, त्यामुळे मिकोनला प्रत्येक चेहरा ओळखीचा होता. कुणाच्या हाताला अजून चिंध्या गुंडाळलेल्या, कुणी लसणाची पाकळी सोलत बसलेला. कोपऱ्यात पाण्याची घागर. खालच्या नळीतून पाणी निथळून संपेपर्यंत बोलायचं. राजवाड्यात वाढलेला असो की उकिरड्यावर, घागर सगळ्यांना सारख्याच मापाची. वकील नाही, कुणी कैवारी नाही. ज्याचं भांडण त्याचं तोंड.

फिर्यादी होता पोलिझेलोस, युफ्रानोरचा थोरला भाऊ. सुताराचा धंदा, शब्द मोजके, आवाज कोरडा. त्याने आदळआपट केली नाही.

"मंडळी, माझ्या भावाला उजव्या कुशीत भाला लागला," तो म्हणाला. "उजवी कूस झाकायचं काम याचं होतं. हा तिथे नव्हता. मला एवढंच सांगायचंय."

मग त्याने देक्सिथेओसला साक्षीला उभं केलं. रांगेत तो मिकोनच्या उजवीकडे होता. "मला कसलाही शब्द आला नाही," त्याने शपथेवर सांगितलं. "मान वळवली तर हा आमच्या पाठीमागून धावत होता."

मिकोनची घागर सुरू झाली. ‘अथेन्सच्या सुज्ञ नागरिकहो’ म्हणता म्हणताच तिचा चौथा हिस्सा रिकामा झाला. मग वादळातली नौका सुरू झाली, आणि बाकांवर खसखस पिकली.

"नौका कुठवर आली रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"निजतो मी. पाणी संपलं की उठवा."

"गप्प बसा लेको! पुढच्या ऑलिंपियाच्या मेळ्यापर्यंत पोचेलच तो."

अथेन्सच्या न्यायालयात हसणं, शिव्या, ‘उतर खाली’ हे सगळं चालायचं. ऐकणारे मालक आहेत, मालक गप्प बसत नाहीत. मिकोनचं अंगरख्याखालचं अंग भिजून गेलं होतं. अखेर तो पट्ट्यापाशी आला. ‘प’ वर त्याचे ओठ अडकले. त्या अडकलेल्या क्षणात त्याची नजर पोलिझेलोसवर गेली. पोलिझेलोस हसत नव्हता. सबंध न्यायालयात तो एकटाच माणूस पुढे झुकून, कान देऊन ऐकत होता.

"प-पट्टा," मिकोन म्हणाला, आणि थांबला. "प-पट्टा तुटला न-नव्हता."

तेवढ्यात पाणी संपलं.

एकच कल्लोळ उठला. तेलेसोन भिंतीजवळ उभा होता, त्याने कपाळावर हात मारून घेतला. आपल्या तोंडाने आपला गळा कापणारा आरोपी कुणी पाहिला नव्हता. आता फिर्यादीची दुसरी, लहान घागर राहिली होती. पोलिझेलोसने फक्त उभं राहून ‘ऐकलंत ना, मंडळी?’ म्हटलं असतं, तरी मिकोन संपला असता.

पोलिझेलोस उभा राहिला. तो मिकोनकडे बघत राहिला. त्याचं पाणी वाया चाललं होतं.

"पट्टा तुटला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "मग का गेलास?"

मिकोनने तोंड उघडलं, पण पहारेकऱ्याने हात आडवा केला. त्याची वेळ संपली होती.

"माझ्या पाण्यात सांग," पोलिझेलोस म्हणाला.

हे शब्द तिथे रोज कानावर पडत. ‘असेल साक्षीदार तर आण, माझ्या पाण्यात बोलू दे त्याला!’ असं प्रत्येक फिर्यादी प्रतिपक्षाला डिवचत असे, आणि ते खरं करायला कुणी उठत नसे. त्यामुळे आधी बाकांवरचे लोक हसले. पण पोलिझेलोस मिकोनकडे चालत गेला, त्याचा दंड धरून त्याने त्याला बोलण्याच्या चौथऱ्यावर चढवलं, आणि स्वतः खाली उभा राहिला.

"अरे सुतारा, वेड लागलं का तुला?" पुढच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला. "जिंकलायस तू."

"मला जिंकायचं नाही. माझा भाऊ का मेला ते ऐकायचंय." मग तो बाकांकडे वळला. "आणि आता जो हसेल, तो माझं पाणी सांडतोय. पाणी माझं आहे, मंडळी."

अध्यक्षाने खांदे उडवले. पाणी ज्याचं त्याचं, तो कुणालाही देईल, कायद्यात कुठे मनाई नव्हती.

दोनशे एक अथेन्सवाले गप्प बसले. ज्यांना नाटकातला एक हुकलेला शब्द सहन होत नाही, देवाच्या पूजेतही ज्यांची कुजबुज थांबत नाही, ते लोक एका तोतऱ्या मधविक्याचा एकेक शब्द बाहेर यायची वाट बघत राहिले. कुणी त्याचा शब्द पुरा केला नाही. कुणी खोकलं नाही. या शहराने बांधलेली देवळं मोठी आहेत हे खरंच, पण त्या दिवशीची ती शांतता त्यांच्याहून मोठी होती.

मिकोनने नौका सोडली, सुकाणू सोडलं आणि आपल्या शब्दांत सांगितलं. घळ. घोडे. डावीकडून आलेला शब्द. "तो मा-माझ्या तोंडात अ-अडकला," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, कारण तेलेसोन सोडला तर हे त्याने आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही उघड सांगितलं नव्हतं. "मी दे-देक्सिथेओसला काही सां-सांगू शकलो नाही. म-मग युफ्रानोर म्हणाला, पळ."

"काय म्हणाला?" पोलिझेलोसने खालून विचारलं. "नेमकं काय?"

मिकोन लाजला. असं न्यायालयात कसं बोलायचं? पण विचारलं होतं खरं.

"म्हणाला, को-कोबीची शपथ, पळ लेका, प-पायांनी सांग. मी उ-उघडा राहतो जरा वेळ."

एवढं सांगून झालं तरी कुणी हसलं नाही. पोलिझेलोसने दोन्ही हातांनी चौथऱ्याची कड धरली. दोघा भावांची आई पलीकडच्या किनाऱ्यावरची, मिलेतोसची. देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही म्हणून तिकडची माणसं कोबीची शपथ घेतात. सबंध पलटणीत असली शपथ घेणारा एकच गडी होता, आणि रागावून नव्हे, मजेत असला की घ्यायचा.

तिसऱ्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "थांबा. मी पार उजवीकडे होतो. आमच्यापर्यंत शब्द आलाच नव्हता."

"आमच्याकडेही नाही," दुसरा म्हणाला.

"पण सेनानीनं मागच्या रांगा वळवल्या," पहिला म्हणाला. "शब्द आला नाही, तर घोडे आलेत हे त्याला कळलं कसं?"

देक्सिथेओस उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "शब्द आला नाही असं मीच शपथेवर सांगितलं," तो म्हणाला. "खरंच सांगितलं. पण त्याचा अर्थ आता कळतोय मला."

त्या वळलेल्या मागच्या रांगांत पोलिझेलोससुद्धा होता. त्या दिवशी घोड्यांकडे पाठ करून तो उभा राहिला असता, तर आज फिर्याद लावायला जिवंत राहिला नसता. हे त्याला आत्ता, चौथऱ्याची कड धरलेली असताना उमगलं. घागरीत थोडं पाणी अजून शिल्लक होतं. त्याने मिकोनला खाली उतरवलं आणि स्वतः वर चढला.

"मंडळी, दावा मागे घेता येत नाही, कायदा तसा आहे," तो म्हणाला. "पण मला मत देऊ नका."

पुढच्या बाकावरचा म्हातारा पुन्हा कळवळला. "अरे, पाचवा हिस्सा मतं मिळाली नाहीत तर हजार द्राख्मांचा दंड बसेल! आणि पुन्हा कधी फिर्याद लावता येणार नाही तुला. थोडी तरी पडू देत."

"नको. मी एका चांगल्या माणसावर खोटा आरोप केला. दंड त्याचसाठी असतो ना? मग तो बसायलाच हवा."

पाणी संपलं, आणि तो खाली उतरला. अशा माणसाला काय म्हणावं? अथेन्समध्ये त्याला नुसतं नागरिक म्हणत, आणि त्यात सगळं येई.

मतदान झालं. प्रत्येकाकडे दोन तबकड्या, एक पोकळ दांडीची आणि एक भरीव. दांडीवर बोट ठेवून रांगेने पुढे जायचं, म्हणजे कुणी कोणती टाकली ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. पोकळ फिर्यादीची, भरीव आरोपीची. फळीवर ओतून मोजल्या तेव्हा पोकळ तबकड्या निघाल्या तीन. त्या तिघांना बहुधा पोलिझेलोसची दया आली असावी.

दवंडीवाल्याने निकाल पुकारला. सैनिक बाकांवरून उतरले आणि जाता जाता मिकोनच्या खांद्यावर थापा मारू लागले. निजतो म्हणणारा गडी त्याच्यासमोर येऊन नुसता उभा राहिला, मग कमरेची अंजिरांची पुरचुंडी त्याच्या हातात कोंबून चालता झाला. मिकोनचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. तो गर्दीतून वाट काढत पोलिझेलोसपर्यंत पोचला. त्याला आभार मानायचे होते, युफ्रानोरबद्दल क्षमा मागायची होती, दंडाचं विचारायचं होतं, आणि हे सगळं एकदमच बाहेर यायला बघत असल्यामुळे काहीच बाहेर येत नव्हतं.

पोलिझेलोसने त्याचा हात धरला.

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "उद्या घरी ये. कोबीची शपथ घेतली म्हणालास ना, म्हणजे तो मजेत होता. ते आईला सांग. तुला सबंध दिवस लागला तरी ती ऐकेल."