खंड्याची तब्येत

काचवाल्याच्या खिडक्या इतक्या लख्ख, की काच आहे की नाही तेच कळू नये. नव्या काचेवर चुन्याची फुली मारून ठेवायची, म्हणजे कुणी येऊन आपटत नाही, हा त्याच्याच धंद्यातला नियम. पण स्वतःच्या घरात फुली? छे! चाळीस वर्षं लोकांच्या काचा बसवलेल्या माणसाला मिरवायला दुसरं होतं तरी काय? बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेक परदेशात, दुकान विकून टाकलेलं. मग बसा दिवसभर काचा पुसत.

सोमवारी सकाळी उघड्या खिडकीतून एक खंड्या आत शिरला आणि समोरच्या बंद काचेवर धाडकन आपटला. निळाशार पक्षी, जमिनीवर चोच वासून पडलेला. म्हातारा धावला. आपल्या हौसेपायी याचा जीव गेला की काय? त्यानं त्याला बुटांच्या खोक्यात फडक्यावर ठेवलं आणि लेकीला फोन लावला.

एरवी लेकीचाच फोन यायचा, दर रविवारी. जेवलात का, औषध घेतलं का, बरं ठेवते, एवढ्यात आटपायचा. त्या दिवशी तो पाऊण तास चालला. डोळे उघडतो का, पंख मोडलाय का, खोक्याला भोकं पाडलीत का. मागून नातवाचे प्रश्न वेगळेच. इतकं बोलून म्हाताऱ्याचा घसा बसला.

दुपारी चार वाजता खंड्यानं अंग झाडलं, खोक्याच्या कडेवर बसून घाण केली आणि खिडकीतून भुर्रकन निघून गेला. आभार मानायची पद्धत पक्ष्यांत नसावी. म्हाताऱ्यानं मुकाट्यानं चुना कालवला आणि काचेवर भलीमोठी फुली मारली.

मंगळवारी लेकीचा फोन आला. मंगळवारी!

"कसा आहे तो?"

खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं, "बरा आहे. झोपलाय."

माप घेताना कधी सुताचीही लबाडी न केलेला माणूस! पण जीभ एकदा घसरली की घसरली. बुधवारी खंड्यानं डावा पंख हलवला. गुरुवारी चिडून बोटाला चोच मारली. शुक्रवारी तो जरा मलूल होता, कारण मलूल असला की लेक संध्याकाळीही फोन करायची. हसायला सोपं आहे. रिकाम्या घरात फोनकडे बघत बसायला काही कारण असणं ही केवढी चैन असते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

शनिवारी लेक म्हणाली, "बाबा, तुमच्याकडचा एक पक्ष्यांचा डॉक्टर शोधून काढलाय. उद्या दहाला घरी येतील."

झाली का पंचाईत! मेला म्हणून सांगावं, तर नातू रडणार. जिवंत म्हणावं, तर दाखवायचं काय, कप्पाळ?

"डॉक्टर नको गं. खंड्या नाहीये इथे."

"गेला?"

"उडाला. सोमवारीच, चार वाजता."

"मग हे पाच दिवस?"

"खरं सांगितलं असतं, तर मंगळवारनंतर तू फोन केला असतास?"

ती हो म्हणाली नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. आता ही फोन ठेवणार, आणि तिनं तो ठेवावा हेच बरोबर, असं म्हाताऱ्याला वाटलं. तरी त्यानं फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"आज काय सांगणार होतात?" तिनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"आज तो खोक्यातून बाहेर येणार होता. टेबलावर."

"मग? आला का?"

म्हाताऱ्यानं खुर्ची ओढली, बसला, डोळे पुसले.

"आला ना," तो म्हणाला. "थांब, नीट सांगतो."