मुक्ताबाईची छबू

तोंडानं मी फाटकीच. आमचे हे, थॉमस मास्तर, म्हणतात, हन्ना, तुझ्या तोंडाला बैलासारखं मुसकं बांधायला पाहिजे. बांधा म्हणावं! पण त्या मुक्ताबाईपुढं मीसुद्धा गार पडले.

गोष्ट त्रेचाळीस सालची, लढाई चालू होती तेव्हाची. आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला. लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझ्या घरात पाळणा हलला नव्हता. एक दिवस दवाखान्यातल्या कृपा नर्स आल्या. म्हणाल्या, "हन्नाबाई, मळ्यातल्या मुक्ताबाईला क्षय झालाय. नवरा मागंच गेला, सासरच्यांनी हाकलून दिलंय. तिला लांबच्या दवाखान्यात पाठवतोय. पाच वर्षांची पोर आहे, छबू. आई बरी होऊन येईपर्यंत सांभाळाल का?"

मी हो म्हटलं, आणि मनात म्हटलं, बरी होऊन येतंय कोण! पाप बोलले खरं. पण क्षयाचं माणूस परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. मला पोर हवी होती, आणि कायमची हवी होती.

लागले तयारीला. कापड रेशनवर, म्हणून माझं बरं लुगडं फाडून दोन परकर शिवले. भिंतींना पोतारा दिला. सगळ्या आळीला सांगून टाकलं, आता मला छबूची आई म्हणायचं.

चार दिवसांनी मुक्ताबाई घर बघायला आली. नर्सनं तिला अंगणात दहा पावलांवर बसवलं. तोंडाला पदर, अंगात काडीचा जीव नाही, पण नजर अशी की जणू मी तिची म्हैस चोरलीय.

"रांजन उघडाच ठिवतीस व्हय?" पहिलं वाक्य हे. मग, "चुलीपाशी सरपान कशाला रचलंय, पोर पेटवून घ्यायला?" मग, "आन् कुंकू? पोरीचं कपाळ रिकामं ठिवायचं न्हाई. ख्रिस्ताव करायला देत न्हाई मी तिला."

"मग दे की सासरच्यांना!" मी म्हटलं.

"त्यांनी घेतली असती तर तुज्या दारात मराया आले असते का? आन् आयक. आळीत काय सांगत फिरतीस ते कळलंय मला. तिनं तुला आई म्हनायचं न्हाई. मावशी म्हनंल."

असा राग आला म्हणता! पण पोर हवी होती, गिळला.

तर आता ख्रिस्ती घरात कुंकवाचा करंडा! बाजारातून आणला, आणि दुसऱ्याच दिवशी चर्चचे शमुवेल पाळक दारात. "हन्नाबाई, काय ऐकतोय मी?"

"खरं ऐकताय. पोर अमानत आहे, जशी आली तशी ठेवायची."

"मंडळीपुढं जाब द्यावा लागेल."

"देते. नाहीतरी बारा वर्षं मंडळी माझ्या वांझपणावर बोलतच होती, आता नवीन विषय मिळाला." पाळक तरातरा निघून गेले. आमचे मास्तर आढ्याकडे बघत बसले होते.

मग तो दिवस आला. सर्व्हिस मोटार वेशीजवळ उभी. छबू एकसारखी आईकडे झेपावत होती आणि नर्स तिला मागं ओढत होत्या. मी जवळ घ्यायला गेले तर माझ्या मनगटाला कडकडून चावली. सगळं गाव बघत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मुक्ताबाई कडाडली, "गप ए कार्टे! पांढऱ्या पायाची! तुज्यापायीच हे दुखनं लागलं मला. नको हाईस तू मला. जा त्या बाईकडं, पुन्यांदा तोंड दावू नको!"

पोर एकदम गप्प झाली. आईकडे बघत राहिली. मग वळली आणि माझ्या लुगड्यात तोंड खुपसून दोन्ही मुठींनी मला धरलं.

बारा वर्षं मी ह्याचीच वाट बघत होते. वर बघितलं, तर मुक्ताबाई हातानं खुणावत होती, ने, लवकर ने. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगावरचं दूध तोडताना बाई कडुलिंबाचा पाला वाटून लावते ना, तसं तिनं स्वतःला कडू करून घेतलं होतं. मी नुसती गप्प राहिले असते तर पोर जन्माची माझी झाली असती, आईचं नावसुद्धा काढलं नसतं तिनं. आणि उभ्या जन्मात गप्प राहणं मला जमलं असतं तर ते त्याच दिवशी जमायला हवं होतं.

मी खाली बसले. "छबू, तुझी आई खोटं बोलली. तू तिला हवीस. तू रडू नयेस म्हणून तसं बोलली. ती बरी होऊन तुला न्यायला येणार आहे. मी मावशी."

पोरीनं माझं लुगडं सोडलं. "आई!" म्हणून अशी सुटली की नर्सनं कशीबशी मधेच अडवली.

मुक्ताबाई किंचाळली, "अगं सटवे! काळजावर दगड ठिवून तोडली हुती मी तिला, आन् तू जोडून दिलीस? आता रडंल की ती!"

"रडू दे!" मीही ओरडले. "मी आहे ना! तू बरी होऊन ये, मग भांड माझ्याशी!"

तिला खोकल्याची उबळ आली. लोकांनी धरून गाडीत बसवलं. मोटार हलली तशी तिनं खिडकीतून मान काढली. "मावशे, उजेडाबिगर झोपत न्हाई गं ती!"

घरापर्यंत छबूनं मला हात लावू दिला नाही. ती रडत पुढं, मी मागं.